एलईडी दर्शकदीपाचे आयुर्मान
विद्युत् उपकरण चालू असल्याची खूण दाखविणारा प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थ (एलईडी) जितका काळ उपयुक्त तेज देतो, ती मुदत [⟶ अर्धसंवाहक]. दृश्य तांबडा प्रकाश देणारा द्विप्रस्थ १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी अमेरिकेत सिद्ध केला. तंतुदीपाप्रमाणे तो सहसा एकाएकी निकामी होत नाही. स्फटिकातील दोष वाढत जाऊन तेज मंदावते, आणि मूळ तेजाचा ७०% अंश उरला की प्रकाशयोजनेपुरते आयुष्य सरले, असा दंडक आहे. अल्प प्रवाहावरील दर्शकदीप लाखभर तास, म्हणजे अखंड सुमारे साडेअकरा वर्षे, टिकू शकतो; तोवर मंडलातील अन्य घटक मात्र टिकतीलच असे नाही.

त्यांत सर्वांत नाजूक विद्युत् विच्छेद्य धारित्र होय [⟶ धारित्र]. आतील द्रव आटतो, ॲल्युमिनियमच्या डबीचे चपटे टोपण फुगून वर येते. तापमान १०° से.ने वाढल्यास आयुष्य साधारण निम्मे होते, म्हणून १०५° से.ला २,००० तासांचा धारित्र ६५° से.ला सुमारे ३२,००० तास चालतो. उन्हाळ्यात पारा ४५° से.च्या आसपास जाणाऱ्या नागपूर जिल्ह्यातील सावनेरसारख्या तालुक्यात ही बाब विशेष महत्त्वाची ठरते. तेथील भूमिगत कोळसाखाणींत [⟶ कोळसा] खाणकामगाराच्या टोपीवरील दिव्याचा भरवसा द्विप्रस्थापेक्षा विद्युत् घटमालेच्या प्रकृतीवरच अधिक अवलंबून असतो.