सदाफुली आणि मेलेले उंदीर

सदाफुली ओळखत नाही असा विद्यार्थी सापडणे कठीण. मधुमेहावर तिची पाने चावून खाणारी माणसेही आपल्या माहितीत असतात. झाड मूळचे मादागास्करचे. पण हा समज दूरदूरच्या देशांत आढळतो. जमैकात तर तिच्या पानांचा काढा घेत. १९५२ साली तिथून थोडी पाने टपालाने कॅनडातील डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे आली. त्यांनी ती वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठात संशोधन करणाऱ्या आपल्या भावाला, रॉबर्ट नोबल यांना दिली.

रॉबर्ट यांनी पानांचा अर्क उंदरांना पाजला. रक्तातील साखर ढिम्म हलली नाही. मग अर्क टोचून पाहिला. आठवड्याभरातच उंदीर मेले.

आम्ही प्रयोगशाळेतली माणसे अशा वेळी ‘प्रयोग फसला’ अशी नोंद करून मोकळे होतो. नोबल यांनी मात्र उंदीर कशाने मेले ते शोधले. मृत्यू जंतुसंसर्गाने झाला होता. हा संसर्ग एरवी उंदरांनी सहज परतवला असता. पण त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी फार घटल्या होत्या आणि त्या जिथे तयार होतात ती अस्थिमज्जाच मंदावली होती. आता प्रश्न उलटा करून पाहा. ज्या रोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, त्या ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, हाच पदार्थ दिला तर?

१९५४ साली रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बीअर त्यांना येऊन मिळाले. १९५८ साली या मंडळींनी व्हिनब्लास्टिन वेगळे केल्याचे जाहीर केले. झाडाचे जुने शास्त्रीय नाव व्हिंका रोझिआ, त्यावरून हे नाव. अमेरिकेत एली लिली कंपनीतील गॉर्डन स्वोबोडा यांचा गटही याच झाडाकडे वळला होता. त्यांना व्हिनक्रिस्टिन सापडले. १९६३ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि मुलांच्या ल्युकेमियावरील उपचारांत ते आजही मुख्य औषधांपैकी एक आहे.

वर्गात पेशीविभाजन शिकवताना याचे काम सहज सांगता येईल. गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढून नेणारे तंतू ट्यूब्युलिन या प्रथिनाचे बनतात. ही औषधे त्या प्रथिनाला चिकटतात. तंतू बनत नाहीत, विभाजन अडते. कर्करोगाच्या पेशी भराभर विभागतात, म्हणून त्या सापडतात. अस्थिमज्जेतल्या पेशीही भराभर विभागतात, हे त्या उंदरांनी दाखवलेच होते. (घरी पाने खाणाऱ्यांना एवढे तरी जरूर सांगावे.)

या शोधाला सर्रास योगायोग म्हटले जाते. नोबल यांनी स्वतःही तसेच म्हटले. आम्हाला ते अर्धेच पटते. पाने टपालात पडली हा योगायोग. मेलेल्या उंदरांच्या पेशी मोजल्या, तो नव्हे.

अडचण होती ती प्रमाणाची. एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो सुकी पाने लागतात. २०२२ साली शास्त्रज्ञांनी सदाफुलीसह इतर वनस्पतींची जनुके यीस्टमध्ये घालून या औषधाचे दोन अर्धे भाग यीस्टकडून बनवून घेतले आणि ते रासायनिक क्रियेने जोडले.