गाणे शिकवणाऱ्यांचे शिक्षण

शाळेत संगीत शिकवायचे, तर स्वतःला चांगले गाता येणे पुरेसे आहे का? हा प्रश्न आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच उभा राहिला होता.

कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. ती तालीम गुरूसमोर बसून घ्यायची. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. येथे मात्र एका वर्गात अनेक मुले, ठरलेला तास आणि ठरलेला अभ्यासक्रम होता. असे शिकवू शकणारे शिक्षक आयते मिळणे कठीण. म्हणून त्यांनी ‘उपदेशक वर्ग’ चालवला. निवडक विद्यार्थी विद्यालयातच राहून गाणे शिकत आणि शिकवायलाही शिकत. स्वरलिपी व छापील क्रमिक पुस्तके ही त्यांची साधने होती.

पलुस्करांच्या पश्चात शिष्यांनी १९३१ साली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. गावोगावी एकच अभ्यासक्रम व परीक्षा आल्या. १९४७ पासून मंडळाचे ‘संगीत कला विहार’ मासिक निघू लागले.

गाणे घराण्याबाहेर आले, हा मोठाच लाभ. पण लिपीत ‘ग’ लिहिला की तो सगळीकडे सारखाच, असा समज होतो. कान तसे सांगत नाही. ‘सा’ची कंपने सेकंदाला २४० धरली, तर तंबोऱ्याशी मिळालेला शुद्ध ‘ग’ ५/४ पट, म्हणजे ३०० येतो. सप्तकाचे बारा समान भाग करून लावलेल्या पेटीत तो सुमारे ३०२.४ असतो. दोन्ही एकदम वाजले की आवाज सेकंदाला दोन-अडीच वेळा लहानमोठा होतो. ‘प’ मात्र ३६० आणि ३५९.६, फरक जवळजवळ कळत नाही. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके पेटीला दूर ठेवले, त्यामागे असेही आक्षेप होते.

१९९९ साली परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याचा विचार करू. नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी येथलेच. भजनातले सूर आणि ठेका मुलांच्या कानांवर शाळेआधीच पडलेले असतात. येथे संगीतशिक्षकांची कार्यशाळा भरवली, तर परीक्षेच्या रागांबरोबर एक सकाळ तंबोरा आणि पेटी शेजारी ठेवून नुसते ऐकण्यासाठी द्यावी. विज्ञानशिक्षकांनाही बोलवावे. पलुस्करांनी शिक्षकाला लिपी दिली; त्याचा कान तयार करण्याचे काम प्रत्येक पिढीला नव्याने करावे लागते.