विणकराचे पाय आणि फुगलेल्या शिरा

येवल्याच्या पैठणीची कीर्ति सर्वांच्या कानीं आहे. ती विणणाराचे पाय मात्र क्वचितच कोणी पाहतो. ते सहसा दिसतही नाहींत. माग जमिनीलगत, विणकर खड्ड्याच्या कांठावर बसलेला आणि पाय खालीं पावड्यांवर, अशी ही जुनी रचना आहे. साधें कापड विणतांना धोट्याच्या प्रत्येक फेरीबरोबर पाय हलतो. पैठणीच्या पदराची गोष्ट निराळी. मोर, पोपट, वेल उठविण्यासाठीं निरनिराळ्या रंगांच्या लहान लहान कांड्या हातानेंच ताण्यांतून ओंवाव्या लागतात, आणि तेवढा वेळ पाय स्वस्थ लोंबत राहतात. म्हणजे पदर जितका भरगच्च, तितके पाय निश्चल! पायांवरील फुगलेल्या शिरांचा इतिहास समजण्यास ही गोष्ट उपयोगी आहे. कारण शिरा श्रमानें फुगतात हा समज फार जुना असून तो अर्धाच खरा आहे.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत ‘सिराज ग्रंथि’ वर्णिला आहे. दुर्बळ मनुष्यानें अतिव्यायाम केल्यास वायु शिरांना पिळून उंच व वाटोळी गांठ उत्पन्न करतो, असें तेथें सांगितलें आहे. हा विकार तोच, असें पुष्कळ वैद्य मानतात. अथेन्स येथें सांपडलेल्या ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांतील एका संगमरवरी शिल्पांत एक पुरुष भला मोठा पाय हातीं धरून उभा असून त्या पायावर फुगलेली शीर स्पष्ट कोरलेली आहे. देवास नवस फेडण्याची ही तिकडील रीत. रोमन सेनापति मारियस याची हकीकत तर प्लुटार्कनें लिहूनच ठेविली आहे. मारियसनें स्वतःस बांधून न घेतां एका पायावर शस्त्र चालवूं दिलें. पण वैद्य दुसऱ्या पायाकडे वळतांच, इतक्या वेदनेच्या मोलाचा हा लाभ नाहीं, असें म्हणून त्यास थांबविलें. सात वेळां कॉन्सल झालेल्या पुरुषाचा हा हिशेब त्या काळच्या शस्त्रक्रियेविषयीं पुरेसा बोलका आहे.

कारणाचा उलगडा फार उशीरां झाला. पादुआ येथील फाब्रिसियस यानें 1603 मध्यें शिरांतील पडद्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु त्यांचें खरें प्रयोजन त्यास उमगलें नाहीं. तें त्याचा शिष्य विल्यम हार्वे यानें 1628 मध्यें दाखविलें. हे पडदे म्हणजे एकाच दिशेस उघडणारीं दारें. रक्तानें हृदयाकडे जावें, मागें फिरूं नये, एवढेंच त्यांचें काम. उभ्या माणसाच्या घोट्यापासून हृदयापर्यंत रक्तास मोठा चढ चढावा लागतो. पोटरीचे स्नायु आंवळले म्हणजे तें वर ढकललें जातें व दारें मिटून त्यास थोपवितात. दारें निकामी झालीं, कीं रक्त खालीं सांचतें आणि शीर रुंद, नागमोडी होते. आनुवंशिकता, वय, गर्भारपण, स्थूलता, आणि एका जागीं तासन्‌तास उभें राहण्याचे धंदे हे सर्व यास हातभार लावतात. (न्हावी, पोलीस आणि शाळामास्तर यांनीं याची नोंद घेण्यास हरकत नाहीं.) पाय हलेल तर रक्त चढेल, या दृष्टीनें विणकराची पावडी त्याची मित्रच होय.

यानंतर शस्त्रास दिशा मिळाली. जर्मन शस्त्रवैद्य ट्रेंडेलेनबर्ग यानें 1890 च्या सुमारास मांडीतील मुख्य शीर बांधून टाकण्याची रीत रूढ केली; 1907 मध्यें फिलाडेल्फियाच्या बॅबकॉक यानें लवचिक तारेनें ती आंतून ओढून काढण्याची युक्ति काढली. गेल्या शतकाच्या अखेरीपासून शिरेंत बारीक नळी घालून ती लेसरनें किंवा विद्युत्‌लहरींच्या उष्णतेनें बंद करतात, आणि रोगी बहुधा त्याच दिवशीं चालत घरीं जातो. कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसणाऱ्या तांबड्या-निळ्या बारीक शिरा बहुधा निरुपद्रवी असतात. त्या नकोशा वाटल्यास औषधाची सुई टोंचून मिटवितां येतात. मात्र घोट्यावरील कातडी काळवंडणें, जखम न भरणें, शिरेंतून रक्त वाहणें, किंवा एकच पाय एकाएकीं सुजून दुखणें, हीं लक्षणें थांबण्याचीं नव्हेत. शेवटच्या लक्षणांत तर आंत रक्ताची गुठळी असण्याचा संभव असतो.

सौम्य विकारांत चालणें, पाय उंच ठेवून पडणें व घट्ट मोजे वापरणें यांनीं आराम पडतो. मोजे मात्र डॉक्टरांनीं पायाची नाडी पाहिल्यावरच घालावे. पायाकडे येणारा रक्तप्रवाहच मंद असेल, तर तो दाब अपायकारक होतो.