हवामानाच्या गणितात माती कशी आली

पाऊस पडून उघडीप मिळाली, की शेतकरी मूठभर माती दाबून पाहतो आणि वाफसा आला की नाही ते ठरवतो. मातीत पाणी किती, हा त्याच्या पेरणीचा प्रश्न. पण हाच प्रश्न साऱ्या पृथ्वीच्या हवामानाचाही आहे, हे शास्त्रज्ञांच्या गणितात उतरायला बराच काळ लागला. त्याची ही हकीकत.

इंग्लंडचे लुईस रिचर्डसन यांनी १९२२ साली, हवामानाचा अंदाज गणिताने कसा काढावा, यावर ग्रंथ लिहिला. जमिनीतील ओल आणि पानांवाटे उडून जाणारे पाणी यांचाही हिशेब त्यांनी त्यात मांडला होता. पण तेव्हा गणकयंत्रे कुठे होती? हाताने हे गणित करायचे तर हजारो माणसे बसवावी लागली असती. पुढे गणकयंत्रे आली. १९५६ साली अमेरिकेत नॉर्मन फिलिप्स यांनी वातावरणाचे अभिसरण साध्या रूपात यंत्रावर उतरवून दाखवले. त्यांच्या त्या प्रतिकृतीत वारे होते, उष्णता होती. माती मात्र नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, हवेच्या गणितात मातीचे काय काम? अंगणात सडा टाकला की गारवा येतो ना? उन्हाची बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते, म्हणून. जमीन कोरडी असली की तीच उष्णता जमीन आणि हवा तापवते.

ही गोष्ट गणितात आणली ती जपानमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम करणाऱ्या स्युकुरो मानाबे यांनी, १९६९ साली. युक्ती मोठी सोपी. जमिनीच्या प्रत्येक चौकोनाखाली एक बादली आहे असे समजायचे. तिच्यात १५ सेंटिमीटर पाऊस मावतो. त्याहून जास्त झाला की पाणी ओसंडून वाहून जाते. बादली पाऊण भरलेली असेपर्यंत वाफ पुऱ्या जोराने होते. पाणी त्याखाली गेले की वाफही त्या मानाने कमी. याच मानाबे यांना २०२१ साली पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

१९८२ साली उत्तर प्रदेशातील बलिया जिल्ह्यात जन्मलेले जगदीश शुक्ला आणि येल मिंट्झ यांनी यंत्रावर जणू दोन पृथ्व्या मांडल्या. एकीची जमीन सदा ओली, दुसरीची वाफ मुळीच न देणारी. दोघींचा पाऊस, ऊन, वारे यांत फार मोठा फरक पडला. समुद्र ढगांना पाणी देतो खरा. पण जमीनही घेतलेले पाणी परत करते, आणि त्यावर पुढचा पाऊस पुष्कळसा अवलंबून असतो.

तरी बादलीत एक उणीव होतीच. काळी खोल जमीन आणि मुरमाड माळ, दोहोंना एकच माप! शिवाय झाडाचा विचार नाही. झाड मुळांनी खोलचे पाणी ओढते आणि ताण पडला की पानांची बारीक छिद्रे मिटून घेते. १९८० नंतरच्या दशकात रॉबर्ट डिकिन्सन आणि पुढे अंतराळवीर झालेले पिअर्स सेलर्स यांनी पाने, मुळे आणि मातीचे थर या गणितात आणले.

२००४ साली अशा डझनभर प्रतिकृती ताडून पाहण्यात आल्या. उन्हाळी महिन्यांत, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, मातीच्या ओलीचा पावसावर विशेष प्रभाव कुठे पडतो? उत्तर अमेरिकेची मधली मैदाने, आफ्रिकेचा सहेल पट्टा आणि आपला भारत, ही नावे त्यात आली.

मग बांधावर चार झाडे लावली की पाऊस येईल का? नाही. या गणितातले चौकोन कित्येक कोसांचे. त्यात एक शेत दिसतही नाही. पण जिल्हेच्या जिल्हे उघडे पडले, किंवा सिंचनाने हिरवे झाले, तर हवेला ते कळते. आणखी एक अडचण आहे. २००९ आणि २०१५ साली ओल मोजण्यासाठी सोडलेल्या उपग्रहांना वरचा सुमारे ५ सेंटिमीटरचाच थर दिसतो. मुळांपाशी किती पाणी आहे, ते जमीन उकरूनच पाहावे लागते, नाहीतर गणिताने काढावे लागते. म्हणून आकाशाचे भाकीत करणाऱ्यालाही अखेर मातीकडेच वळावे लागते.