खानदेशातील सिकलसेलची रक्तपरीक्षा : अचूकतेचा इतिहास आणि शब्दांचा प्रश्न

रक्ताची वा लाळेची प्रयोगशाळेत परीक्षा होऊन जो निर्णय हाती येतो, त्यास व्यवहारात अखेरच्या पुराव्याचे स्थान दिले जाते. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र कोणताही पुरावा पारखल्यावाचून स्वीकारता येत नाही. ताम्रपट सापडला की तो अस्सल की बनावट हे आपण प्रथम पाहतो, आणि अस्सल ठरल्यावरही तो नेमके काय सांगतो व काय सांगत नाही, हा प्रश्न उरतोच. हीच कसोटी रक्तपरीक्षेस लावण्याचा प्रयत्न येथे केला आहे. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे, वैद्यकाचा नव्हे. परंतु खानदेशातील सिकलसेलच्या परीक्षेत रसायनाइतकाच शब्दांचाही संबंध येतो, म्हणून हा विषय हाती घेण्याचे धाडस केले आहे.

शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली एका रुग्णाच्या रक्तातील विळ्यासारख्या वाकड्या तांबड्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९१७ साली एमेल यांनी रक्ताचा थेंब काचेखाली बंद करून पेशी वाकड्या होतात की नाही हे पाहण्याची पद्धत मांडली. तेव्हाच एक विलक्षण गोष्ट आढळली. आजारी मुलीच्या निरोगी पित्याच्या पेशीही या परीक्षेत वाकल्या. म्हणजे परीक्षा खोटे बोलत नव्हती, पण व्याधिग्रस्त आणि निरोगी या दोघांविषयी ती एकच उत्तर देत होती. या संदिग्धतेचा उलगडा १९४९ साली झाला. पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युत्-क्षेत्रात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखविले. व्याधिग्रस्तात जवळजवळ सारे हिमोग्लोबिन ‘एस’ प्रकारचे असते, वाहकात ‘ए’ आणि ‘एस’ दोन्ही असतात. माता व पिता दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्य व्याधिग्रस्त होण्याचा संभव चारांत एक असतो.

भारतात या दोषाची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतील आदिवासींच्या रक्तात झाली. महाराष्ट्रात डॉ. सुदाम काटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ पाहण्या केल्या. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात भिल्ल, पावरा, माडिया, परधान इत्यादी जमातींत या दोषाचे प्रमाण २० ते ३५ टक्के दिले आहे. यांपैकी भिल्ल व पावरा या सातपुड्याच्या, म्हणजे खानदेशच्याही जमाती होत. येथे साधनांविषयी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. १ जुलै १९९८ पूर्वी अक्राणी व अक्कलकुवा हे तालुके धुळे जिल्ह्यात होते. त्यानंतर ते नंदुरबार जिल्ह्यात गेले. त्यामुळे ‘धुळे जिल्हा’ या शीर्षकाखालील जुने आणि नवे आकडे शेजारी मांडून रोग घटला वा वाढला असे म्हणणे, म्हणजे दोन निराळ्या प्रदेशांची तुलना करणे होय.

आता प्रत्यक्ष परीक्षेकडे वळू. गावपातळीवर दीर्घकाळ प्रचारात असलेली परीक्षा विद्राव्यतेची आहे. रक्ताचे काही थेंब एका द्रावात मिसळतात. ‘एस’ हिमोग्लोबिन त्यात विरघळत नाही, म्हणून द्राव गढूळ होतो आणि नळीमागे धरलेल्या कागदावरील रेघा दिसेनाशा होतात. ही परीक्षा स्वस्त आहे, काही मिनिटांत होते आणि तीस मोठ्या यंत्राची गरज नाही. तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. पहिल्या काही महिन्यांच्या अर्भकात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अधिक असल्याने दोष असूनही द्राव स्वच्छ राहू शकतो. तीव्र रक्तक्षयात किंवा नुकतेच दुसऱ्याचे रक्त दिलेले असताना असेच घडते. उलट रक्तात स्निग्ध द्रव्ये फार असली तर दोष नसताही द्राव गढूळतो. सर्वांत महत्त्वाची उणीव १९१७ सालचीच आहे : वाहक कोण आणि व्याधिग्रस्त कोण, हे ही नळी सांगत नाही. त्यासाठी विद्युत्-पृथक्करण वा एचपीएलसी यंत्राची परीक्षा करावी लागते.

याहून सूक्ष्म असा एक मुद्दा आहे. अचूकता केवळ परीक्षेत नसते, ज्या समाजात ती केली जाते त्यावरही ती अवलंबून असते. उदाहरणादाखल काल्पनिक आकडे घेऊ. समजा, एखादी परीक्षा दोष असलेल्या १०० पैकी ९५ जणांना ओळखते आणि दोष नसलेल्या १०० पैकी ९७ जणांना निर्दोष ठरविते. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या वस्तीतील १,००० लोकांपैकी २०० जणांत दोष आहे असे मानले, तर १९० खरे व २४ खोटे होकार येतील. म्हणजे २१४ होकारांपैकी सुमारे ८९ टक्के खरे ठरतील. तीच परीक्षा शहरातील १०,००० लोकांवर केली आणि त्यांत केवळ १०० जणांत दोष असला, तर ९५ खरे आणि २९७ खोटे होकार येतील. चार होकारांपैकी जेमतेम एक खरा. नळी तीच, द्राव तोच, तपासणाराही तोच, तरी होकाराचे मोल पालटले. नकाराचेही तसेच आहे. शहरात ९,६०८ नकारांमागे पाच जण निसटतील, वस्तीत ७८६ नकारांमागे दहा. म्हणून जेथे दोष फार, तेथे होकार अधिक विश्वसनीय आणि नकार अधिक संशयास्पद असतो.

या अपुऱ्या निर्णयाचे शब्दांत रूपांतर झाले की काय होते, याचा धडा अमेरिकेच्या इतिहासात आहे. तेथे १९७० नंतरच्या काही वर्षांत मोठ्या प्रमाणावर तपासण्या झाल्या आणि वाहक व व्याधिग्रस्त यांची गल्लत झाली. निरोगी वाहकांना नोकरीत आणि विम्यात अडथळे आले; हवाई दलाच्या प्रबोधिनीची दारे त्यांना १९८१ पर्यंत बंद होती. आपल्याकडे ‘सिकलसेल पॉझिटिव्ह’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे, आणि त्यात नेमकी हीच गल्लत दडलेली आहे. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे काय : ‘वाहक’ की ‘रुग्ण’? ज्यांची घरची बोली पावरी वा भिल्ली आहे, त्यांच्यापर्यंत हा शब्द इंग्रजीतून मराठीत व मराठीतून बोलीत असा दोन उंबरठे ओलांडून पोहोचतो. प्रत्येक उंबरठ्यावर अर्थाचा काही अंश गळतो. एखाद्या निरोगी मुलीचे लग्न मोडावे आणि खरोखर आजारी मुलाचे दुखणे मात्र नुसत्या अशक्तपणावर ढकलले जावे, एवढे बळ या एका शब्दात आहे.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम आरंभिली गेली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सुमारे सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे तिचे उद्दिष्ट आहे. ‘ए’ व ‘एस’ यांचा वेगवेगळा निर्देश करणाऱ्या पट्टीच्या परीक्षाही आता उपलब्ध आहेत. त्यामुळे १९१७ पासूनची संदिग्धता गावपातळीवरही दूर होण्याची शक्यता निर्माण झाली आहे. तथापि साधन सुधारले म्हणजे नोंद आपोआप सुधारते असे नाही. कोणत्या वयाच्या व्यक्तीची, कोणत्या पद्धतीने, कोणत्या वस्तीत परीक्षा झाली, आणि पहिल्या होकारानंतर दुसरी परीक्षा झाली की नाही, हे लिहून ठेवले नाही, तर उद्याच्या इतिहासकारास केवळ आकडे मिळतील, पुरावा मिळणार नाही.

या कामी आमच्यासारख्या भाषेच्या अभ्यासकांचाही वाटा आहे. ‘वाहक’ आणि ‘रुग्ण’ हा भेद पावरी व भिल्ली बोलणाऱ्या आईला तिच्याच शब्दांत कसा सांगावा, हे त्या बोलींच्या भाषकांबरोबर बसून ठरविले पाहिजे. प्रयोगशाळेतील निर्णय अचूक असून भागत नाही. तो ज्याच्याविषयी दिला, त्याला तो अचूक कळेपर्यंत परीक्षा पुरी झाली असे म्हणता येणार नाही.