कापडाची कूस

रोग्याच्या अंगाला हात लावण्याआधी त्या हाताला सराव हवा, ही समज आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात या सरावाला ‘योग्या’ म्हटले आहे. छेद घ्यायला कोहळा-काकडी, शीर टोचायला कमळाचे देठ, पट्ट्या बांधायला माणसाएवढा पुतळा.

बाळंतपणाची अशी प्रतिकृती खेड्यापाड्यांत नेली ती फ्रान्सच्या आंजेलिक दू कुद्रे या सुईणीने. लंडनमध्ये विल्यम स्मेली १७४० च्या दशकात प्रतिकृतींवर शिकवत, पण ते वर्ग शहरातले, फी भरणाऱ्यांसाठी. दू कुद्रेबाईंसमोर बसत त्या खेड्यातल्या बायका, कित्येकींना अक्षरओळखही नसे. पुस्तकी वर्णनाचा त्यांना काय उपयोग? म्हणून बाईंनी कापड आणि चामडे शिवून, आत भरण घालून ओटीपोटच तयार केले. १७५९ मध्ये पंधराव्या लुईने त्यांना राज्यभर शिकवण्याची सनद दिली. पुढे वीसहून अधिक वर्षे त्या हे ‘यंत्र’ घेऊन गावोगाव फिरल्या. हजारो बायका शिकल्या.

त्यातले एक यंत्र आज रूआँच्या संग्रहालयात आहे. आत बाईच्या कमरेची खरी हाडे आहेत, त्यामुळे बाळाची वाट किती अरुंद ते हाताला कळते. दोऱ्या-पट्ट्यांनी ती वाट सैल करता येई किंवा आवळता येई. कापडी बाळाचे तोंड उघडे आहे, आत जीभ आहे, बोट जाईल एवढी जागा आहे. हे कलाकुसरीच्या हौसेने केलेले नाही. पायाळू बाळाचे डोके अडकले, तर सुईणीने तोंडात बोट घालून हनुवटी खाली आणायची असे. पुढच्या यंत्रांत रंगीत पाण्याने भिजवलेले स्पंजही आले. वेळ आली की त्यांतून ‘रक्त’ सुटे.

त्याच शतकात फ्लॉरेन्समध्ये मेणाची देखणी शरीरे घडत होती. ती डोळ्यांनी शिकण्यासाठी. बाईंचे कापड दिसायला साधे, पण चाचपणाऱ्या बोटांना खरे. सरावाची प्रतिकृती याच कसोटीवर पारखायला हवी.

नॉर्वेच्या लेर्डाल कंपनीची ‘मामा नताली’ ही प्रतिकृती याच घराण्यातली. शिकवणारी ती पोटाला बांधते, बाळ स्वतः पुढे ढकलते आणि रक्त किती सोडायचे तेही ठरवते. समोरची नर्स वार आली का पाहते, पोट चोळते, मदतीला हाक मारते. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे जगभर बाळंतिणी दगावण्याचे मोठे कारण आहे. त्या पहिल्या काही मिनिटांत काय करायचे, हे आडगावच्या आरोग्यकेंद्रातल्या नर्सलाही स्वतःच्या हातांनी करून शिकायला मिळालेच पाहिजे.