पिंजऱ्याआधीची सवय

ससा घाण करतो, त्याला वळण लागत नाही, तेव्हा तो पिंजऱ्यातच बरा, असं सर्रास म्हटलं जातं. पिंपरी, मोशी किंवा चाकणच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तर हे पटकन पटतंही. पण सशाचा इतिहास पाहिला की ही समजूत टिकत नाही. ठरावीक कोपऱ्यात विधी उरकण्याची सवय त्याच्या वंशात पाळीव होण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. ती झाकली गेली पिंजऱ्यामुळे, आणि पिंपरीच्या औद्योगिक इतिहासात पिंजऱ्यातल्या सशाचा संबंध येतो तो औषधांशी.

यावर पहिला आक्षेप असा की ससा रानातला, मोकाट प्राणी. त्याला जागेची शिस्त लावणं निसर्गाविरुद्ध आहे. हा आक्षेप दोन वेगळे प्राणी एक मानण्यातून येतो. खेड-चाकणच्या माळावरचा रानससा बीळ खणत नाही. गवत दाबून केलेल्या उथळ खळग्यात तो दिवस काढतो आणि त्याची पिल्लं उघड्या डोळ्यांनी, अंगावर केस घेऊनच जन्मतात. त्याला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. तो घरी पाळायचा प्राणीच नव्हे. दुकानातून घरी येणारा ससा त्याचा वंशज नाही. त्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळांच्या वसाहतीत एकत्र राहणारे. स्पेनमधल्या या बिळं खणणाऱ्या सशाची नोंद इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमन लेखक वारोने केली आहे. अशा वसाहतीत लेंड्या टाकायच्या जागा ठरलेल्या असतात आणि त्यांच्या वासावरून शेजारच्या टोळीला हद्द कळते. म्हणजे ज्याला आपण वळण म्हणतो, ती या सशाची मूळ रीतच आहे.

मग पिंजरा कुठून आला? युरोपात मांसासाठी आणि कातडीसाठी ससे खुराड्यांत वाढवले जात होतेच. विसाव्या शतकात त्यात प्रयोगशाळेची भर पडली. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातला पहिला औषध कारखाना उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं. शिरेतून द्यायच्या औषधात ताप आणणारा अंश नाही ना, हे त्या काळी जगभर सशावरच तपासलं जाई. तीन निरोगी ससे मान अडकवणाऱ्या खोक्यात बसवायचे, कानाच्या कडेच्या शिरेत औषध टोचायचं आणि पुढचे तीन तास गुदद्वारातलं तापमान नोंदवत राहायचं. तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे चढलं तर औषध नापास. अशा कामाच्या सशाला जाळीच्या तळाचा पिंजरा सोयीचा होता, कारण लेंड्या आणि लघवी खाली ट्रेमध्ये पडते आणि पिंजरा झटपट धुता येतो. कोणी म्हणेल, त्या सशांनी हजारोंचे जीव वाचवले, मग पिंजऱ्याला दोष कसला? उपकार खराच, आणि तो विसरू नये. पण पुढे नालाकृती खेकड्याच्या रक्तापासून केलेली चाचणी आली आणि या कामातली सशाची गरज पुष्कळ कमी झाली. प्रयोगशाळेची सोय घरात आणायला तर काहीच कारण नाही. जाळीवर ससा कुठेही बसला तरी घाण खालीच पडते. त्यामुळे तो कोपरा निवडतो की नाही हे पाळणाऱ्याला दिसतच नाही. वर त्याच्या तळपायांना मांजराच्या पंजासारख्या गाद्या नसतात, त्यामुळे तारेवर बसून बसून टाचांना जखमा होतात.

घरात करायचं ते याच इतिहासातून निघतं. सशाने आपणहून निवडलेल्या कोपऱ्यातच पसरट ट्रे ठेवावा, तळाला कागद घालून वर सुकं गवत भरपूर टाकावं, कारण ससा चघळता चघळता विधी उरकतो. लघवीने भिजलेल्या कागदाचा एक तुकडा आणि चार लेंड्या ट्रेमध्ये राहू द्याव्यात, म्हणजे त्याला जागा ओळखता येते. ओलं झालं की गोळा होणारी मांजराची वाळू मात्र नको. ससा ती खातो आणि ती पोटात अडकते. इथे शेवटचा आक्षेप येतो: एवढं करूनही काही ससे बाहेर लेंड्या टाकतात. टाकतात, विशेषतः वयात आलेले. ते हद्द आखत असतात, आणि पशुवैद्याकडून नसबंदी केली की हे बरंच कमी होतं. पण चार कोरड्या लेंड्या झाडूने उचलता येतात. त्यासाठी जनावराला आयुष्यभर तारेवर बसवणं हा न्याय नव्हे. १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झालेल्या पिंपरी-चिंचवड शहराने गावाकडून आलेल्या लाखो माणसांना लहान घरात राहायला शिकवलं. ससा त्या घरात आपली जागा स्वतः ठरवू शकतो. माणसाने ती ओळखावी आणि पिंजऱ्याचं दार उघडावं.